समुद्रात पाणी नव्हते, म्हणून अर्नाळ्याच्या बेटावर

शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६, सकाळी सव्वानऊ. विरार पश्चिमेच्या एका सागरी शिक्षण केंद्राच्या फाटकाशी मी जुनी पुस्तके द्यायला उभी होते. तेवढ्यात एक मुलगी धावत आली. छातीपर्यंत ओली, डोक्यावर धरलेले दप्तर मात्र कोरडे. वर्ग नऊला सुरू झाला होता.

“सर, पानी नव्हतं,” ती धापा टाकत म्हणाली.

“पाणी नव्हतं? समुद्रात?” समन्वयक हसला. “एक शनिवार आड बरोबर तुलाच प्रॉब्लेम. दोनदा लेट झालीस. तिसऱ्यांदा नाव कट.”

“अहो, ती कुडकुडतेय. आत तरी घ्या,” मी म्हणाले.

“मॅडम, रूल सगळ्यांना सेम.”

“रूल सेम असेल. रस्ता सेम आहे का?”

फाटक लागले. त्यावरच्या फलकावर लिहिले होते: ‘खास बेटावरील युवकांसाठी’.

मुलीचे नाव मानसी. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर राहते, गेल्या वर्षी बारावी झाली. इथला वर्ग पूर्ण केला तरच तिला जहाजावरच्या निवासी प्रशिक्षणाला अर्ज करता येतो. बेटावरून आणखी मुलांनी नाव घातले होते, ती केव्हाच गळली. उरली ही एकटी. चहा पाजताना मी विचारले, “होडी नव्हती, मग आलीस कशी?”

“चालत.”

“कुठून?”

“समुद्रातून, काकी.” जणू बाजारातून आली होती.

तो रस्ता डोळ्यांनी पाहायचा म्हणून मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

तुम्हाला जायचे असेल तर विरार स्टेशनहून अर्नाळ्याची बस किंवा शेअर रिक्षा घ्या. बंदरपाड्याच्या वाळूत उतरा आणि चपला हातात घ्या. धक्क्याची अपेक्षा ठेवू नका. होडी पाण्यात उभी असते, आपण तिच्याकडे जायचे. भाडे वडापावाच्या हिशोबाचे. पिण्याचे पाणी सोबत ठेवा. साडी नेसू नका, मी नेसले होते.

ओहोटी रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे शनिवारी पाण्याअभावी न सुटलेली सातची पहिली होडी रविवारी मिळाली. गुडघाभर पाण्यातून होडीतल्या दोघींनी मला दंडांना धरून वर ओढले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी आम्हाला काट्याचमच्याने जेवायला शिकवले, पोहायला नाही. लाट फळीखाली शिरली. मी डोळे मिटून काठ आवळून धरला.

“बाय, होडी सोडा, ती कुठं पलत नाय,” समोरची टोपलीवाली म्हणाली. सगळी होडी हसली. मी हसले नाही.

बेट सुंदर आहे. किल्ल्याचा दरवाजा, आतली हिरवी शेती, गोड्या पाण्याची विहीर, तटाबाहेर दांड्यांवर वाळणारे बोंबील. मानसीच्या आईने, शेवंतीबाईंनी, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग साडेनऊच्या सुमारास मानसी म्हणाली, “चला, आता दिसंल.”

पाणी खरोखर गेले होते. होड्या वाळूत कलंडल्या होत्या. पलीकडच्या किनाऱ्याकडे ओली पट्टी गेलेली, आणि मधोमध तिला तोडणारा काळपट, घाईघाईने वाहणारा पाण्याचा पट्टा.

“तिथं छातीला लागलं,” मानसीने बोट दाखवले. “मागल्या वेळी गळ्याला.”

“पोहता येते ना हिला?” मी शेवंतीबाईंना विचारले.

“येतं ना. ज्याला येत नाय तो जातच नाय पान्यात. भीती पोहता येनाऱ्याचीच.” त्या पट्ट्याकडे त्या पाहत नव्हत्या.

वर्गाची वेळ घड्याळाची आणि होडीची वेळ चंद्राची. एका शनिवारी सकाळी भरती असली की पुढच्या शनिवारी त्याच वेळेला ओहोटी असते. समुद्र शिकवणाऱ्यांना हे ठाऊक नसावे, आणि ठाऊक असेल तर अधिकच वाईट. येत्या शनिवारी पाणी असेल. ७ मार्चला नसेल.

“आदल्या दिवशी माझ्याकडे राहायला ये,” मी म्हणाले.

“शुक्रवारी तिच्या बापाची होडी येते, मासली निवडायला पहाटेपर्यंत हात लागतात,” शेवंतीबाई म्हणाल्या. “आन् तुम्ही हिला ठेवाल, बाय. बाकीच्या पोरांना कुठं ठेवाल?”

“सात तारखेला मी येनारच,” मानसी म्हणाली. “नाव कापू देनार नाय.”

आईने तिच्या पाठीत हलका धपाटा घातला आणि हात तिथेच ठेवला.

दुपारच्या भरतीत परत आले. होडी शनिवारी मानसी जिथून चालली त्याच पट्ट्यावरून गेली. हिरवेगार, खोल पाणी. या वेळी मी डोळे उघडे ठेवले.

साडी धुतली, पण काठातली वाळू अजून निघते आहे. बाकी काय उरले? छातीला, गळ्याला, आणि त्यापुढे काय, हा हिशोब. नळ सोडला तरी तोच आठवतो.

म्हणून केंद्राच्या संचालकांना इथेच, सर्वांदेखत सांगते. ओहोटीच्या शनिवारी वर्ग होडीच्या वेळेला घ्या आणि मानसीचे दोन्ही उशीर पुसा. दोन्ही गोष्टींचे लेखी उत्तर शुक्रवार, ६ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत मला द्या. तोंडी नको, फोनवर नको. नाहीतर शनिवारी सकाळी ती पाण्यात उतरेल, आणि अलीकडच्या वाळूत मी उभी असेन. मला पोहता येत नाही.