पाळकसाहेबांची बदली

गावच्या चर्चमधल्या नव्या पंचांच्या शिबिरात मी बोलावं, असा निरोप आला. विषय त्यांनीच ठरवला होता : ख्रिस्ती पुढाऱ्याचे गुण. या विषयावर मी आजवर इतक्या ठिकाणी बोललो आहे की उभं राहिलं की तोंड आपोआप चालतं. नम्रता, सहनशीलता, प्रार्थना, सेवा. या वेळी मात्र निरोप ऐकला आणि खुर्चीतून उठवेना. घरच्यांना वाटलं, गुडघे दुखत असतील.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो आणि चर्चचा मुख्य पंच. तेव्हा आमच्याकडे धर्मगुरू म्हणून एक तरुण पाळकसाहेब आले. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळक बारा जणांचे पाय धुतो. आमच्याकडे ते बारा म्हणजे आम्ही पंच आणि पंचांचे नातेवाईक. आम्ही घरूनच साबण लावून, टाचा घासून, नवे मोजे घालून जायचो. पाळकाने घंगाळातलं पाणी शिंपडायचं, टॉवेल लावायचा, झालं. खुर्चीवर कोण बसणार यावरून रुसवेफुगवे व्हायचे. ते मी मिटवायचो, आणि त्यातच माझा रुबाब होता.

नव्या साहेबांनी आम्हा पंचांना बोलावून सांगितलं, “यंदा खुर्च्यांवर मजूर बसतील, कांदा काढून येतील तसे. पाय आपण धुवायचे. तुम्ही आणि मी.”

आमच्यातले एक जण म्हणाले, “सायेब, मंग पान्याचा टँकरच लावावा लागंल.”

“लावू की,” साहेब हसत म्हणाले.

गुरुवारी तसंच झालं. माझ्यासमोर बसलेली बाई आमच्याच रानात खुरपायला यायची. टाचांच्या भेगांत माती. ती पाय मागे ओढत होती. “नगा गुरुजी, मला पाप लागंल.” मला निमित्तच हवं होतं. “बाई नको म्हणते,” असं म्हणून मी उठलो आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. साहेब गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत आले, तिच्याशी काहीतरी बोलले, तिला हसवलं आणि तिचे पाय धुतले. सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं. मी बाहेर गेलो हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तेच मला झोंबलं.

पुढे पाळकांच्या बदल्या ठरवणारे वरचे साहेब गावभेटीला आले आणि रिवाजाप्रमाणे माझ्या घरी जेवले. ताटावर बसल्याबसल्या मी म्हणालो, पाळक चांगले आहेत, पण मंडळीत फूट पडायला लागली आहे. फूट कुठेच नव्हती. तेवढ्या एका वाक्यावर बदली झाली. लोक विचारू लागले तेव्हा मी सांगितलं, त्यांनीच मागून घेतली, त्यांना खेडं मानवेना.

पाळकसाहेबांना सगळं कळलं होतं. शेवटच्या उपासनेत ते एक शब्द बोलले असते तर अर्धी मंडळी माझ्यावर उठली असती आणि मी सांगितलेली फूट खरी झाली असती. ते आशीर्वाद देऊन खाली उतरले. त्यांचं सामान टेम्पोत भरलं तेव्हा निरोपाला फारसं कोणी गेलं नाही. आपल्याला टाकून चाललेल्या माणसाला कसला निरोप द्यायचा?

शिबिराआधी मी एसटीने बेलापूरला गेलो. निवृत्त होऊन पाळकसाहेब तिथे राहतात. शुगरने नजर अधू झाली आहे. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “गुरुजी, मी ते तेव्हाच सोडलं. चहा घ्या.”

पाळकीणबाईंनी कप ठेवला. “यांनी सोडलं असेल. मला कोणी विचारलं? तुमच्या गावची माणसं कुठल्याही लग्नात भेटली की तोंडावर म्हणतात, तुम्हाला आमचं गाव बरं वाटलं नाही. मी हसते आणि दुसरीकडे बघते. इथं येऊन रडू नका, गुरुजी. तिथं सांगा.”

“अगं, दमून आलेत ते,” साहेब म्हणाले.

“मी पण दमलेय.”

शिबिरात नवे पंच पुढे बसले होते, गावची जुनी माणसं मागे. मी गुण सांगितलेच नाहीत. तो गुरुवार सांगितला, ते जेवण सांगितलं, बदलीबद्दल पसरवलेलं खोटं सांगितलं. म्हटलं, खरा पुढारी मी एकच पाहिला आणि त्याला मीच घालवला. मंडळी फुटू नये म्हणून त्याने स्वतःचं नाव खराब होऊ दिलं. मी माझी खुर्ची सांभाळत बसलो. मेंढरं तो सांभाळत होता.

बोलून खाली बसलो. अध्यक्ष, माझाच जुना विद्यार्थी, माइककडे धावला. “बघा, पंचांनो! याला म्हणतात नम्रता! या वयात केवढा हा मोठेपणा! जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. कोणीतरी शाल आणली. बदनामी त्यांनी सोसली होती आणि शाल पुन्हा माझ्याच खांद्यावर येत होती. मी टेबलाला धरून परत उठलो. “टाळ्या थांबवा. ती शाल बाजूला ठेवा. त्यांनी बदली मागितली नव्हती. एवढंच ऐका.”

अध्यक्ष कानाशी लागला. “गुरुजी, पुरे आता. जेवण थंड होतंय.”

मागून एक म्हातारी उभी राहिली. “म्हंजी सायेब आमाला टाकून गेले न्हवते?”

“न्हाई. मी घालवले.”

ती शेजारणीकडे वळली. म्हणाली, “अगं, जामखेडच्या लग्नात मी त्यांच्या बाईला काय काय बोलले गं.” पुन्हा माझ्याकडे तिने बघितलंच नाही. अध्यक्षाला म्हणाली, “त्या बाईचा फोन हाय का कुनाकडं? लाव. आत्ता लाव.”

त्याने शाल टेबलावर ठेवली, खिशातून मोबाईल काढला आणि नंबरासाठी माझ्याकडे बघितलं.