पाळण्याचा विळा

इंदुताईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अहेरी तालुक्यात अजून जन्मायचा आहे. आशा कार्यकर्ती म्हणून चौदा वर्षं त्या घरोघरी तान्ह्या बाळांचे श्वास मोजत आल्या. हातात घड्याळ, नजर बाळाच्या पोटावर, आणि त्या एका मिनिटात कुणी खोकलं तरी डोळे वटारणार. मी उपकेंद्राची नर्स, हुद्द्यानं त्यांच्या वरची, पण घाबरते मीच.

यंदा आमच्याकडे चाचणीसाठी एक पेटी आली. ती बाळाला हातही न लावता श्वास मोजते. तिच्यातल्या अगदी सौम्य मायक्रोवेव्ह लहरी छातीवर आपटून परत येतात आणि छातीची हालचाल टिपतात. धानातला ओलावाही असल्याच लहरींनी मोजता येतो म्हणे. मी मोठ्या तोऱ्यात ती दिव्यानीच्या घरी लावली. तिची मुलगी अकरा दिवसांची, जेमतेम दोन किलोची.

पेटीनं मिनिटाला बेचाळीस श्वास दाखवले. इंदुताईंनी दोनदा मोजले, अडुसष्ट. साठच्या वर म्हणजे न्यूमोनियाची भीती.

"लेकराले आत्ताच दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या.

"पेटी तं बेचाळीस सांगून राह्यली, मंग काऊन न्याचं?" दिव्यानीची सासू सुगंधाबाई अडून बसल्या. सांगायला लाज वाटते, पण मीही पेटीचंच खरं धरलं होतं.

इंदुताईंनी मात्र पाळण्याकडे पाहिलं. नजर लागू नये म्हणून दोरीला टांगलेला लोखंडी विळा वाऱ्यानं डुलत होता, नेमका पेटीसमोर. पेटी विळ्याचे हेलकावे मोजत होती! समोर काही लटकतं नको, हे मला प्रशिक्षणात बजावलं होतं. पण आमच्याकडे पाळण्याला विळा असायचाच, म्हणून तो मला दिसलाच नव्हता.

"सुगंधाबाई, विळा राहू द्या. फक्त दाराले बांधा. नजर दारातूनच येते ना?" इंदुताई म्हणाल्या.

सुगंधाबाईंनी विळा सोडून चौकटीला बांधला. मिनिटभरानं पेटीवर आकडा आला, एकोणसत्तर. मी लगेच रुग्णवाहिका बोलावली. बाळाला छातीशी धरून तिच्यात सगळ्यांच्या आधी सुगंधाबाईच चढल्या.

नवव्या दिवशी बाळ ठणठणीत बरं होऊन घरी आलं. इंदुताईंचे चव्वेचाळीस, पेटीचेही चव्वेचाळीस. मला रडू आलं.

आता गावात कुठे पाळणा हलला की पेटी घेऊन मी पोचायच्या आत सुगंधाबाई तिथे पोचलेल्या असतात, पाळण्याचा विळा दाराला बांधायला.