सतरावा हात कशासाठी?

ऑफिसात सव्वीस वर्षं काढली, पण तिथले किस्से सांग म्हटलं तर दोनच आठवतात, आणि त्यातला एक दुसऱ्याकडून ऐकलेला आहे. उलट दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या पार्कात आठवड्यातून फक्त एक सकाळ, रविवारची, तीही दीड तास. पण तिथले किस्से असे गुंतून बसलेत की एक ओढला की मागून चार येतात. बायको म्हणते, त्यातले निम्मे तुम्ही वाढवून सांगता. हा निम्म्याचा हिशेब तिने कुठून काढला माहीत नाही. मी सगळेच वाढवून सांगतो.

आम्ही चौघं. तात्या सगळ्यांत थोरले, कोल्हापूरचे, सरकारी नोकरीत चाळीस वर्षं दिल्लीत काढून रिटायर झालेले. त्यांची लाठी. मीनल पुण्याची, गुडगावच्या एका कंपनीत एचआर. तिची ताई-ची. बिजू केरळचा, धंद्याने फिजिओथेरपिस्ट. त्याची कलरी, तिकडची जुनी युद्धकला. आणि मी, सुहास. कॉलेजात कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळवला होता, तो आता कमरेला पुरत नाही.

या चारही विद्यांत एक गोष्ट सारखी. ठरलेल्या हालचालींची एक मालिका एकट्याने, हवेत, वर्षानुवर्षं घोटायची. गुरू म्हणतात हात असा फिरव, आपण फिरवतो. कशाला, ते विचारायचं नसतं. आम्ही नेमकं तेच विचारतो. दर रविवारी एकाने आपल्या मालिकेतला एक हात, म्हणजे एक हालचाल, दाखवायचा, बाकीच्यांनी त्याचा खराखुरा उपयोग शोधायचा, आणि सापडला असं वाटलं की माणसावर करून बघायचा. हा माणूस कायम मीच.

"दादा, आपल्यात तुमचंच इन्शुरन्स चांगलं आहे," मीनल म्हणाली. एचआरमध्ये असल्याने तिला या गोष्टी कळतात.

*

पहिला मार मी मीनलचाच खाल्ला. ती दोन्ही हात असे सावकाश तरंगवत होती की जणू अंगणात वाळत घातलेली चादर काढतेय. मी म्हटलं, "याने माशी तरी उडेल का?"

"मनगट धरा," ती म्हणाली.

धरलं. तिने चादर काढली. मला आधी कडुलिंबाचा शेंडा दिसला, मग आभाळ, मग जवळून गवत. शेजारच्या लाफ्टर क्लबने टाळ्या वाजवल्या. त्यांचे एक सरदारजी जवळ येऊन म्हणाले, "भाईसाहब, गिरने वाली एक्सरसाइज हमें भी सिखाओ."

त्या दिवसापासून आम्ही वेडे झालो. म्हणजे हवेत फिरवलेल्या हातात खरंच काहीतरी दडवून ठेवलेलं असतं!

*

माझ्या कराटेत एक हात पुढे मारताना दुसरा जोरात कमरेशी खेचतात. का, हे मी पुण्यात सरांना विचारलं होतं. "शिस्त," सर म्हणाले होते. बिजूने एकदाच बघितलं आणि म्हणाला, "ये हाथ खाली नहीं है. इसमें दुश्मन का हाथ है. पकड़ो, घुमाओ, खींचो."

सोमवारी राजीव चौकला मेट्रोतून उतरताना मी बाहेर आलो आणि लॅपटॉपची बॅग आतच अडकली. पट्टा माझ्या हातात, बॅग गर्दीत, दरवाजा बंद होण्याची घोषणा सुरू. मी पट्टा धरला, मनगट फिरवलं आणि कमरेशी खेचलं. बॅग सुटली आणि बाहेर आली. बॅगेबरोबर एक गृहस्थही बाहेर आले. त्यांनी आधारासाठी माझ्याच पट्ट्याचं दुसरं टोक धरलं होतं. दरवाजा बंद झाला. गाडी गेली.

"भाईसाहब," ते अगदी शांतपणे म्हणाले, "मुझे तो नोएडा जाना था."

*

तर अशी आमची गाडी जोरात चाललेली असताना ईरा मध्ये आली. ईरा तात्यांची नात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, जन्मापासून दिल्लीची. तात्यांनी तिला आपल्या वस्तादांचे लाठीचे चोवीस हात लहानपणापासून शिकवलेले. कोपर्निकस मार्गाजवळच्या एका सभागृहात मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरला होता आणि तिथे ते चोवीस हात ईरा करून दाखवणार होती. सहा आठवडे हातात होते. तात्यांनी तर कोल्हापूरहून फेटासुद्धा मागवला.

त्या रविवारी ती पार्कात आली आणि आमच्यासमोर म्हणाली, "आजोबा, तेवीस हात करीन. सतरावा नाही करणार."

सतरावा हात असा. सोळाव्यात डोक्यावरून घाव घालायचा. सतराव्यात एकदम एका गुडघ्यावर बसायचं, डावा तळवा जमिनीला टेकवायचा, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. मग उठून अठराव्यात झेप घ्यायची आणि लाठीचं टोक समोरच्याच्या गळ्याशी न्यायचं.

"का नाही करणार?" तात्या.

"यार आजोबा, मारामारी चाललीये आणि मी मध्येच खाली बसून मागे बघतेय. लोकांना वाटेल माझी चप्पल हरवलीये. तुम्ही लोक प्रत्येक हाताचं लॉजिक शोधता ना? याचं सांगा, बिल्कुल करते. नाही सांगितलं तर गाळणार."

"अगं, वस्तादांनी दिलेला हात आहे तो."

"त्यांना तरी माहीत होतं का?"

वस्तादांना जाऊन तीस वर्षं झाली होती. तात्यांनी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

*

पहिला नंबर बिजूने लावला. त्याने तळवा पकडला. म्हणजे मुद्दा. "हाथ ज़मीन पर नहीं है, दुश्मन के पैर पर है," तो म्हणाला. "पैर में मर्म है." आणि करोल बागेतून आदल्याच दिवशी आणलेल्या माझ्या नव्या कोऱ्या बुटावर त्याने तळव्याने असा दाब दिला की माझ्या कानात घंटा वाजली. पायात नाही, कानात. तीन दिवस मी लंगडत ऑफिसला गेलो आणि तिन्ही संध्याकाळी त्याच्याच क्लिनिकमध्ये जाऊन पडलो. बिजूची सोय अशी की सकाळी तोच मोडतो आणि संध्याकाळी तोच जोडतो.

ईराने पुढच्या रविवारी फक्त एवढंच विचारलं, "पाय दाबताना मागे का बघायचं?"

बिजूने बराच विचार केला आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला. त्याचं भाषांतर त्याने दिलं नाही.

*

मीनलने गुडघा पकडला. तिचं म्हणणं, आपण खाली बसलो की समोरचा तोल जाऊन आपल्या खांद्यावरून मागे पडतो, आणि आपण तो पडला का ते बघतो. ऐकायला झकास. पण मी लंगडत असल्यामुळे माझ्यावर प्रयोग होईना. तिला दम निघेना. तिने मंगळवारी ऑफिसात एका टीम लीडला मीटिंग रूममध्ये बोलावलं. तगडा हरियाणवी मुलगा, कुस्ती खेळलेला, आनंदाने तयार झाला. तिने त्याला सांगितलं, ये अंगावर. तो आला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे जाऊन खुर्च्यांत पडला.

मीटिंग रूमला काचेच्या भिंती होत्या आणि अप्रेझलचे दिवस होते.

"दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत अख्ख्या फ्लोअरने सेल्फ-असेसमेंट भरून टाकलं," मीनल सांगत होती. "एकानेही स्वतःला पाचपैकी पाच दिले नाहीत."

"मस्तच," ईरा म्हणाली. "पण मीनलमावशी, समोरचा जर मागे जाऊन पडला, तर अठराव्यात आजोबा समोर कुणाला मारतात?"

*

राहिलो मी. मी मान पकडली. मी म्हटलं, सरळ आहे, मागून दुसरा शत्रू येतोय. चला, तात्या, मी मागून येतो. तात्या बसले, तळवा टेकला, मान वळवली. मी मागे लाठी उगारून उभा. आमची नजरानजर झाली. तात्या उठले आणि अठरावा हात पुढे, मोकळ्या हवेत मारला.

"म्हणजे मागच्याला नुसतं हॅलो म्हणायचं?" ईरा म्हणाली.

मी लाठी खाली ठेवली. लाफ्टर क्लबवाले त्या दिवशी आमच्याकडे बघूनच हसले, वेगळा व्यायाम केला नाही.

*

कार्यक्रमाला एक आठवडा उरला तेव्हा तात्यांनी शेवटचा उपाय केला. कोल्हापूरला त्यांच्याबरोबर शिकलेले अण्णाप्पा आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना पार्कातूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"सतरावा हात कशासाठी ते इचारतोस?" अण्णाप्पा पलीकडून ओरडले. "इतक्या वर्सांनी? तुला दिल्लीचं पानी लागलं व्हय रं?"

"सांगा तर अण्णाप्पा. नात विचारतेय."

"मला काय ठावं? वस्ताद बसायचे, आपन बसायचो. आन् हितं आता कोन करतंय त्यो हात? पोरांनी कवाच सोडला. सोळाचं सरळ अठरा. तू अजून करतोस?"

"करतो," तात्या म्हणाले.

"मग तू एकटाच."

फोन ठेवल्यावर तात्या बाकावर बसून राहिले. बिजूने थर्मासमधला चहा दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला. चेष्टा कुणी केली नाही. मीसुद्धा नाही, आणि मला ते किती जड जातं हे ओळखीच्या माणसांना माहीत आहे. ईराने पुढच्या सगळ्या तालमी तेवीस हातांच्याच केल्या. सोळाचं सरळ अठरा. दिसायला खरं तर सुरेख दिसत होतं, आणि तेच वाईट होतं.

*

कार्यक्रमाच्या दिवशी मी लाठ्या धरायला म्हणून विंगेतल्या खोलीत होतो. तात्या ईराला फेटा बांधत होते. शेवटचा पदर खोचताना म्हणाले, "पोरी, सतरावा गाळ. तुझं बरोबर आहे. तो कशासाठी आहे, मला माहीत नाही."

ईरा आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. तात्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. तिनेही बहुतेक पहिल्यांदाच. मग ती लाठी घेऊन गेली.

लाठी फिरवायला स्टेज पुरेना म्हणून खुर्च्या सरकवून खालीच जागा केली होती. मागे मरून रंगाचा मोठा पडदा, समोर पहिल्या रांगेत सोफा. सोफ्यावर प्रमुख पाहुणे, कुठल्याशा खात्यातले मोठे मराठी साहेब, गळ्यात हार, शेजारी त्यांच्या मिसेस. सोफ्यामागे सभागृहाचा गार्ड. आम्ही चौघं बाजूच्या रांगेत. दोनशे माणूस असेल. बरं, दीडशे.

ईराने सुरुवात केली आणि लोक सरसावून बसले. लाठी दिसतच नव्हती, नुसता वाऱ्याचा आवाज. दहा झाले, बारा झाले, पंधरा. सोळावा घाव डोक्यावरून खाली आला. तात्यांनी डोळे मिटले.

आणि ती खाली बसली.

गुडघ्यावर बसली, तळवा जमिनीला टेकवला आणि खांद्यावरून मागे पडद्याकडे बघितलं. तात्या नेहमी मान वळवायचे. ही बघत होती.

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. मिसेसनी बघितलं. सगळ्या सभागृहाने बघितलं. गार्ड तर लगबगीने पडद्याकडे निघालाच. मीनल अर्धवट उठली. बिजूने मान उंच केली. मी तो हात शेकडो वेळा पाहिलाय, मागे काही नसतं हे मला पाठ आहे. मीही बघितलं.

पडदा स्वस्थ होता. आम्ही सगळ्यांनी माना परत पुढे वळवल्या तेव्हा ईरा जागेवर नव्हती. ती सोफ्यासमोर होती, आणि लाठीचं टोक साहेबांच्या हारापासून दोन बोटांवर स्थिर उभं होतं.

मग ती सहज मागे सरली आणि एकोणीस ते चोवीस करून मुजरा केला. तात्यांनी सगळा वेळ माझा गुडघा धरून ठेवला होता. तो गुडघा सध्या बिजूकडे आहे.

नंतर चहाच्या वेळी साहेब कप घेऊन मुद्दाम ईराकडे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, एक सांग. मागे होतं काय?"

ईराने तात्यांकडे बघितलं. तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "तुम्ही बघितलंत ना, साहेब?"

"बघितलं की."

"मग झालं."

आम्ही निघालो तेव्हा खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. गार्ड अजून पडद्यामागेच होता.