शोभनाताईंची सही

प्रल्हाद सबनीसांचा अमेरिकेत ट्रॉयमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. तिथली पगाराची कामं शोभना चौबळ बघायची. नवरा गेला तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. नोकरी नव्हती आणि फोनवर इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. प्रल्हादने तिला ऑफिसात बसवून काम शिकवलं. ती त्याला भाऊ म्हणायची आणि तसंच मानायची.

२००३ साली ऑर्डरी आटल्या. प्रल्हादने चाळीस माणसं काढली. जो मालक जास्त माणसं काढतो त्याला बेकारी विम्याचा कर जास्त दराने भरावा लागतो. त्याचाही दर वाढला. मग एका सल्लागाराने वाट दाखवली. बायकोच्या, दीपाच्या नावाने नवी कंपनी काढायची आणि उरलेले कामगार हळूहळू तिच्या नावावर दाखवायचे. नव्या कंपनीने कुणालाच काढलेलं नाही, त्यामुळे तिचा दर कमी. यंत्रं तीच, माणसं तीच, दारावरची पाटीही तीच.

"ताई, या फॉर्मवर सही करा," प्रल्हाद म्हणाला. "जुन्या कंपनीशी नव्या कंपनीचा काही संबंध नाही, एवढंच आहे त्यात."

"पण संबंध आहे ना, भाऊ?"

"सगळेच करतात हो. नाहीतर आणखी दहा जणांना घरी पाठवावं लागेल."

त्या दहा जणांचे चेहरे तिच्या ओळखीचे होते. तिने सही केली.

पुढच्या वर्षी पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या रेमंडचं नाव नव्या कंपनीत चढवलं आणि आठ आठवड्यांत त्याची नोकरी गेली. एकोणीस वर्षं तो एकाच यंत्रावर उभा होता. महिन्याभराने त्याचा शोभनाला फोन आला. "माझा बेकारी भत्ता अडकलाय. भत्त्याच्या सरकारी ऑफिसातले म्हणतात, तुम्ही या कंपनीत आठच आठवडे होतात. शोभना, तू तरी सांग, मी कुठे होतो इतकी वर्षं?"

त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

तोवर अशा बनावट बदल्यांवर बंदी आणणारा कायदा झाला होता. रेमंडच्या तक्रारीवरून राज्याचा एक अधिकारी कारखान्यात आला. त्याने फॉर्म तिच्यासमोर ठेवला. काचेपलीकडे प्रल्हाद उभा होता.

"ही सही तुमची?"

"माझी," शोभना म्हणाली. "आणि यात लिहिलंय ते खोटं आहे."

रेमंडचा भत्ता सुटला. प्रल्हादला मागचा कर दंडासकट भरावा लागला. आधीच डबघाईला आलेला कारखाना उन्हाळ्याच्या आत बंद पडला आणि उरलेल्यांच्या नोकऱ्याही गेल्या. मराठी मंडळात बायका शोभनाशी बोलेनाशा झाल्या.

शेवटच्या दिवशी प्रल्हाद एवढंच म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंत, ताई."

"सांगितलं होतं, भाऊ. सही करताना."

त्याने दाराला कुलूप घातलं.

दीड वर्षाने त्याला हार्ट अटॅक आल्याचं कळलं. ती मऊ भात घेऊन हॉस्पिटलात गेली. दीपाने दारातच डबा घेतला.

"राग नाहीये त्यांचा तुमच्यावर," ती हलकेच म्हणाली. "पण तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणतात."

शोभना कॉरिडॉरमध्ये तासभर थांबली. दार उघडलं नाही. त्याच आठवड्यात प्रल्हाद गेला. अंत्यविधीला ती शेवटच्या रांगेत बसली. कुणी तिला पुढे बोलावलं नाही.