रेघेच्या तीन पावलं मागे

मी शाळेत खेळाचा शिक्षक. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं आणि रागाला कारण लागत नाही, असं मुलं म्हणतात. त्यातलं पोटाचं तेवढं खरं आहे. पण त्या एका पोरीवर मी जेवढा खेकसलो, तेवढा आयुष्यात कुणावर खेकसलो नसेन. आज ते आठवलं की जीव कासावीस होतो.

ती आठशे मीटर पळायची. काटकुळी, गुडघे कायम खरचटलेले, दोन बुटांना दोन वेगळ्या रंगांच्या नाड्या. बाकीच्या मुली सुरुवातीच्या रेघेला अंगठा भिडवून उभ्या राहायच्या आणि ही बया तीन पावलं मागे. "अगं, रेघ चावते का तुला?" मी ओरडायचो. ती हसायची, पण जागची हलायची नाही. शेवटी वैतागून मी तिचं नाव 'शेपूट' ठेवलं. शिट्टी वाजली की शेपूट सगळ्यांच्या मागून निघायची आणि चौथी फेरी संपताना सगळ्यांच्या पुढे असायची. नववीत तिने शाळेचा विक्रम मोडला. खेळाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर तिचं नाव मी स्वतः ब्रशने रंगवलं.

पुढच्याच वर्षी तिला ताप आला, तो मेंदूत गेला आणि चौथ्या दिवशी ती गेली. सोळावंही लागलं नव्हतं. मी आठवडाभर मैदानावर फिरकलो नाही.

याला दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात शाळेने नवी पोलादी टेप घेतली. नव्याची नवलाई म्हणून मी मैदान मोजून पाहिलं, तर आठशे मीटरमध्ये दोन मीटर कमी! पुन्हा मोजलं, तरी तेच. मग जुनी कापडी टेप नवीशेजारी पसरली आणि घोळ लक्षात आला. जुनी टेप मध्ये फाटली होती, ती शेपटीनेच घरी नेऊन वडिलांकडून शिवून आणली होती. वडील शिंपी. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी दोन्ही टोकं एकावर एक ठेवून पक्की शिवण मारली होती. त्या शिवणीत चार बोटं गडप झाली होती, आणि टेप जितक्या वेळा टाकली तितक्यांदा ती कमी पडत गेली होती. त्याच टेपने मी मैदान आखलं होतं, म्हणजे तिचा विक्रमही आखूड मैदानावरचा. त्यातून यंदाची एक मुलगी त्या विक्रमाच्या अगदी जवळ आलेली. तिला खोट्या वेळेशी कसं झुंजवायचं? फळ्यावरचं नाव पुसणं भाग होतं. पण त्याआधी तिच्या वडिलांना सांगायला हवं होतं.

त्यांचं दुकान जिन्याखाली आहे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी खराखुरा मास्तर, पण मला कुणी म्हणत नाही. मी टेप त्यांच्या मशीनवर ठेवली. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं.

"मास्तर, ही चार बोटं कमी भरते."

"माहीत आहे, सर."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"टेप दिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, सरांना सांगून येतो. पण तोवर तुमचं मैदान आखून झालं होतं. दुसरं टोक तिनेच धरलं होतं ना? ती म्हणाली, बाबा, शिंप्याने माप चुकवलं म्हणून लोक हसतील. तुम्ही नका जाऊ. टेप किती वेळा टाकली ते मला माहितीये, मी तेवढी मागून पळते."

"तीन पावलं," मी म्हणालो.

"इथे फरशीवर मोजलं आम्ही. दोन मीटर, आणि कमी पडायला नको म्हणून वर वीतभर माया सोडली, कपड्याला सोडतो तशी." त्यांनी चष्मा काढला. "मी तेव्हा गप्प बसलो, सर. माझं नाव राखायला पोर रोज जास्तीचं पळली. कितीदा तुमच्याकडे यायला निघालो, पण पाय उचलेना."

"आणि मी तिला शेपूट म्हणत होतो," मी म्हणालो. मग आम्ही दोघेही पोटभर रडलो. गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकान बंद ठेवून मैदानावर आले. पोलादी टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. मी जुनी रेघ पायाने पुसली आणि मागे नवी आखली. तेवढ्यात यंदाची मुलगी आली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "सर, रेघ मागे का नेलीत? आता विक्रम कसा मोडणार?"

"तो इथूनच झालाय," मी म्हणालो. "खरं तर अजून वीतभर मागून."

तिने अंगठा रेघेला लावला. मी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायला श्वासच पुरेना.