टेलरचाचांभोवतीची चौकट

शाळेचा बातम्यांचा पेपर माझ्या गळ्यात पडला तो एका जांभईमुळे. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं, "पोरांचा पेपर कोण बघणार?" सगळ्यांनी शिस्तीत माना खाली घातल्या आणि नेमकी मला जांभई आली. तोंड उघडलेला मी एकटाच. "सर तयारच आहेत," असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी ती उचलून धरली.

मी पडलो नाटकी माणूस. पहिल्याच दिवशी पोरांसमोर असं भाषण ठोकलं की खडूचा डबा टेबलावरून खाली गेला. "आजपासून तुम्ही वार्ताहर! गावाचे डोळे, गावाचे कान!" पोरांनी बाकं वाजवली. तो दिवस आनंदाचा होता, हे मी मान्य करतो. त्यानंतर मात्र मी जो थकलो तो अजून थकलेलाच आहे.

आमचा पेपर चार पानांचा, महिन्यातून एकदा निघणारा. सेनगावच्या झेरॉक्सवर त्याच्या प्रती काढायच्या आणि पुसेगावात चहाच्या हॉटेलात, दाढीच्या दुकानात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवायच्या. पोरं बातम्या झकास लिहितात, त्याची तक्रार नाही. जीव जातो तो फोटोंमध्ये. आमच्याकडचा माणूस फोटोला उभा राहिला की हात मांड्यांना चिकटवतो, मान ताठ करतो आणि श्वास कोंडून धरतो. जणू समोर पोरगं नाही, सुई घेतलेली नर्स उभी आहे. त्यात सूर्य हमखास पाठीमागे, म्हणजे तोंड काळं. कडेला कुणाचा तरी अंगठा, नाहीतर शेळी. शाळा सुटल्यावर मी संगणकासमोर बसतो. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, माझा चष्मा नाकावरून घसरतो, आणि मी एकेकाचं तोंड उजळवत, एकेक शेळी कापत बसतो. त्याआधी दिवसभर तास घेतलेले असतात, ऑनलाइन माहिती भरलेली असते, वरून आलेली पत्रं वाचलेली असतात. पाठ म्हणते घरी चल. शेळी म्हणते थांब.

या सगळ्यात माझ्या जिवाला एकच आराम होता, नववीतली एक पोरगी. तांड्यावरून चालत शाळेला येणारी. कॅमेरा शाळेचा, जुना, बॅटरीचं झाकण रबरानं बांधलेला. पण तिच्या हातात तो नीट चालायचा. तिची एक चलाखी होती. ताठ उभ्या माणसावर ती कॅमेरा रोखायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "झालं, काका." काका सुटकेचा श्वास सोडून माणसात यायचे, आणि तेव्हा ती खरा फोटो काढायची. हे तिला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाली, "बकरी पण अशीच धरावी लागते, सर."

तिला कॅमेरा मिळाला तोही सहजासहजी नाही. तिचे वडील शाळेत आले होते. कोरडवाहू शेती करणारा कडक माणूस. बोलायच्या आधी डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकणारा. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा पाहिला.

"ह्याच्यात फोन येतो का, सर?"

"नाही."

"व्हॉट्सॅप?"

"अजिबात नाही."

"मंग फिरू द्या. पण सांगून ठेवतो. ह्या फोटोपायी एक बी माणूस तक्रार घेऊन माझ्या दारात आला, का त्या दिवसापासून बंद. पोरगी हाय. लोकायचं तोंड मला धरता येत न्हाई."

पोरगी शेजारीच उभी होती. कॅमेरा त्यांच्याकडून परत घेऊन ती झाकणावरचं रबर तेवढं घट्ट करत राहिली.

बरेच महिने कुणाची तक्रार आली नाही. मग ऐन लग्नसराईच्या तोंडावर पोरांनी ठरवलं की या वेळी मुलाखत टेलरचाचांची. पुसेगावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर चाचांचीच शिलाई असते. मीही शाळेत त्यांच्याच हातची पँट घालून उभा असतो. त्यांच्या मशीनला माझ्या वाढत्या पोटाची बातमी माझ्याआधी कळते. पोरांनी मजकूर छान लिहिला, वर मथळा दिला, "आयुष्यभराची शिलाई". पोरीनं फोटोही छान काढला. चाचा दुकानाच्या भिंतीला टेकून शांत बसलेले, नजर दूर कुठंतरी.

पान लावल्यावर नमुन्याची प्रत काढून आणली तेव्हा घोटाळा कळला. चाचांची दाढी पांढरी, टोपी पांढरी, सदरा पांढरा, मागं चुन्याची भिंत आणि झेरॉक्सचा कागदही पांढरा. रंग फक्त काळा येतो, तोही नशिबात असेल तर. कागदावर उरला होता एक चष्मा आणि दोन डोळे. ते मजकुराच्या मधोमध हवेत तरंगत होते. मी उजेड कमी केला, काळेपणा वाढवला, डोळे चोळले. चाचा काही प्रगट होईनात.

"सर, जरा सरका," पोरगी म्हणाली. तिनं फोटोभोवती जाड काळी चौकट ओढली. आणि खरंच, चाचा एकदम जागेवर आले! कागदाचा पांढरा बाहेर राहिला, चाचांचा पांढरा आत. मी खुर्चीतून उठून तिला मुजरा केला. पेपर छापून, चिकटवून झाला. मी घरी जाऊन पाठीला बाम लावून झोपलो.

आता तुम्ही सांगा, काळ्यापांढऱ्या फोटोला, शांत चेहऱ्याच्या माणसाला, जाड काळ्या चौकटीत, "आयुष्यभराची शिलाई" या अक्षरांखाली पाहिल्यावर आपल्याकडचा माणूस काय समजतो? मजकूर कोण वाचतो? हॉटेलात चहा पिता पिता एकानं वर पाहिलं आणि कप खाली ठेवला. "अरेरे! चांगला माणूस होता."

बातमी झेरॉक्सपेक्षा वेगानं पसरली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकातून एक मोटारसायकल आत आली. चालवत होते पोरीचे वडील. मागच्या सीटवर, चष्मा सावरत, बसले होते खुद्द चाचा. उतरले, टोपी नीट केली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "सर, मेरी मय्यत कब है? वखत बोलो, मै बी आता."

पोरं फिस्सकन हसली. मी हसू दाबायला खोकलो.

"हसू नका," चाचा मराठीवर आले. "सकाळपासून बाया येऊन राहिल्या. एकीनं दारातच गळा काढला, अन् रडता रडता तिचं ब्लाऊजपीस मागितलं. म्हणे, आता कोण शिवणार? मी म्हणलं, बाई, मीच. तर तीच किंचाळली! लग्नाचे कपडे लोक उचलून नेऊन राहिले. मशीनवर बसून बघतोय मी, माझ्या डोळ्यांदेखत!"

"मी बी त्यातलाच," पोरीचे वडील म्हणाले. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता की शरमेनं, हे सांगता येत नव्हतं. "थोरलीचं लग्न हाय, कपडे ह्यांच्याकडं. ऐकलं, तसा रुमाल डोक्यावर घेऊन भेटायला गेलो. तोंड पाडून दुकानात शिरलो, तर हे म्हणतात, बसा, माप आणलं का!" मग ते व्हरांड्यात कॅमेरा धरून उभ्या असलेल्या पोरीकडे वळले. "सर, मी बोललो होतो. एक बी तक्रार. हितं तर तक्रार माझ्याच गाडीवर बसून आली."

त्यांनी हात पुढं केला. "दे तो कॅमेरा."

पोरीनं दिला नाही, पण लपवलाही नाही. चाचांकडे बघून म्हणाली, "चाचा, तुमी समदे पांढरे होते. कागद बी पांढरा. तुमी दिसूनच नव्हते राहिले. हरवू नये म्हणून कुंपण घातलं."

"अन् त्या कुंपणात मलाच पुरलं व्हय गं?"

"न्हाई, चाचा." तिचा आवाज बारीक झाला. "परत काढते."

चाचांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. माप घेताना बघतात तसं. "बराबर. ज्यानं मारलं त्यानंच जिवंत करायचं. पेपरात, भिंतीवर, सगळीकडं."

वडिलांनी हात मागं घेतला. "ठीक. पण ह्यो शेवटचा. त्यानंतर कॅमेरा सरांच्या कपाटात."

संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. मी, पोरगी आणि तिच्यावर लक्ष ठेवायला तिचे वडील. जिवंत दिसायचं म्हणून चाचांनी ठेवणीतला सदरा घातला होता. तोही पांढराच. पोरीनं आधी अस्तराचं काळं कापड त्यांच्यामागं टांगलं. चाचा मशीनवर बसले, मान ताठ केली, श्वास कोंडला. आधीच्या फोटोत ते नुसते वारलेले दिसत होते, आता चौकातला पुतळा झाले. मी सुचवलं, हसा. ते हसले. ते तर त्याहून भयंकर होतं. मी सुचवलं, हात वर करा, विजयी वीरासारखा! पोरीच्या वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच हात खाली घेतला आणि बाकावर जाऊन बसलो. पाय दुखत होते. शेवटची बसही निघून चालली होती.

"झालं, चाचा," पोरगी म्हणाली.

चाचांनी श्वास सोडला. तेवढ्यात दारातून एक बाई हळूच आत आली आणि गठ्ठ्यातलं आपलं कापड ओढू लागली. चाचा गर्रकन वळले, गळ्यातली टेप हातात घेऊन चाबकासारखी फिरवली आणि ओरडले, "ए बाई! मै जिंदा हूँ! कपडा रख!"

तेव्हा पोरीनं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो संगणकावर उघडला. चाचांचं तोंड उघडं, चष्मा तिरका, टेपची पांढरी रेघ आडवी पसरलेली आणि उजवा हात म्हणजे नुसता धुरळा. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "हललाय. बाद. तो आधीचा घे, स्थिर आहे."

"स्थिर तर ते त्या चौकटीत बी होते, सर."

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. खरं सांगतो, मी पटलं म्हणून गप्प बसलो नाही, दमलो होतो म्हणून गप्प बसलो. तिनं फोटो अख्ख्या पानभर मोठा केला. चौकट नाही, उजळवणं नाही, हात पुसून नीट करणं नाही. खाली एकच ओळ लिहिली, "चाचा दुकानात आहेत." जिथं जिथं आधीचं पान होतं तिथं तिथं पोरांनी वरून हे चिकटवलं.

हॉटेलातलं पान आम्ही चिकटवत होतो तेव्हाच चाचा आले. चष्मा कपाळावर सरकवून भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले.

"माझा हात कुठं गेला?"

"हलून राहिला होता, चाचा," पोरगी म्हणाली.

"हां." त्यांनी धुरळ्यावर बोट टेकवलं. "तो हलूनच राहतो." मग मागं वळून हॉटेलभर ओरडले, "बघितलं का रे? नेलेले कपडे आणून द्या!" लोक हसले. कपडे हळूहळू परत येऊ लागले. काही बाया नुसत्या तो फोटो बघायला आल्या.

एवढं होऊनही कॅमेरा ठरल्याप्रमाणे माझ्या कपाटात गेला. पोरगी पेपरच्या कामाला यायची, फोटोखालच्या ओळी लिहायची, कपाटाकडे बघायची नाही. फोटो दुसरी पोरं काढत होती, त्यांच्या मोबाईलवर. पुन्हा अंगठे, पुन्हा शेळ्या. मी रोज एक शेळी कापायचो आणि तिच्या वडिलांना मनातल्या मनात एक शिवी द्यायचो. तोंडावर द्यायची माझी छाती नव्हती.

मग एका दुपारी ती मोटारसायकल पुन्हा फाटकात उभी राहिली. मी गेलो. पोरगीही माझ्यामागं आली, पण थोडी लांब थांबली. मोटारसायकलवर मागं हरभऱ्याचं पोतं बांधलेलं होतं.

"सर, तांड्यावर हरभरा निघून राहिला. औंदा चांगला हाय. ते तुमच्या पेपरात यायचं न्हाई व्हय? काहून?"

"कॅमेरा कपाटात आहे," मी शक्य तितक्या गरिबीनं म्हणालो.

"मंग काढा की बाहेर."

मी जितक्या वेगानं कपाटापर्यंत गेलो, तितक्या वेगानं त्या वर्षात कुठंच गेलो नव्हतो. पोरीनं कॅमेरा घेतला, रबर तपासलं. वडील पोत्याशेजारी उभे राहिले. मान ताठ, छाती पुढं, श्वास बंद. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी उजवा हात वर केला आणि जोरजोरात हलवू लागले, जणू दूरची बस थांबवताहेत.

"बा, हात खाली घे की," पोरगी म्हणाली.

"न्हाई. मला न्हाई बसायचं चौकटीत." हात हलतच होता. "तू तुझं काम कर."

ती हसली. कॅमेरा डोळ्याला लावला, जरा थांबली. "झालं, बा."

त्यांनी हात खाली टाकला, दमून पोत्याला टेकले आणि लेकीकडे पाहिलं. तेव्हा तिनं खरा फोटो काढला.

त्या संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना मी आत पाहिलं. कॅमेऱ्याची जागा रिकामी होती. तो तिच्या दप्तरात तांड्यावर गेला होता. मी तो परत मागितला नाही, तिच्या वडिलांनीही नाही. तेव्हापासून पुसेगाव ते साखरा, फोटोला उभा राहिलेला प्रत्येक माणूस हात हलवतो. माझ्यासमोर आता संगणकावर शेळ्या कमी आणि धुरळा जास्त असतो. पाठ दुखतेच.