छत्तीसचा रोल घेऊन वरवट बकालला

फिल्मवर लग्न टिपण्याच्या मोहिनीवर मी या ब्लॉगवर इतकी प्रवचनं झोडली की शेवटी एका मुलीनं ती खरी मानली. वैष्णवी, माझ्या मित्राची लेक. वरवट बकालहून तिचा फोन आला, "काका, मंगलाष्टकांच्या वक्ती डिजिटलवाल्यांले खालीच बसवून ठेवू. स्टेजवर फक्त तुमचा कॅमेरा. अंतरपाट सरकते तो एक फोटो मले पाहिजे, बस."

पन्नाशीत असं आमंत्रण आलं की माणूस आरशात जरा जास्तच वेळ रेंगाळतो.

पुण्याहून रेल्वेनं शेगाव गाठा. कचोरी एक नव्हे, दोन खा, कारण वरवटला जाणारी एसटी स्वतःच्या मर्जीनं येते. मे महिन्यात फिल्म ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. मी नेली. स्वतःला गुंडाळायचं राहिलं.

मंडपात वैष्णवीच्या मामांनी कॅमेऱ्याची पाठ न्याहाळली. "फोटो कोठी दिसते याच्यात?"

"दिसत नाही. वाट बघायची. त्यातच मजा आहे."

"आन् डोये मिटले असले त?"

"तेही खरंच असतं ना, मामा."

"अस्सं! पुण्यात मिटलेले डोये चालते वाट्टे."

मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी नवरा-नवरीच्या पुढ्यात ठाण मांडलं. अंतरपाट सरकला, वैष्णवीनं वर पाहिलं, मी सटासट बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा अडतिसावर गेला. छत्तीसच्या रोलमध्ये अडतीस! मला वाटलं, जुन्या वस्तूंना बरकत असते.

पंगतीत शेजारी गोपाळभाऊ बसले. गावातले जुने फोटोग्राफर. स्टुडिओ कधीचाच बंद झालेला. त्यांनी कॅमेरा मागितला, खटका ओढला आणि डावीकडचं चाक बघत राहिले.

"भाऊ, फिल्म सरकत असली त हे चाक फिरते. हे त निवांत बसेल हाय. तुमचा रोल आत खाचेत अडकलाच नाही, एक बी फोटो निघाला नाही."

माझ्या हातातली बुंदी हातातच राहिली.

"आमी बी चिल्लर पाहुण्यांवर नुसता फ्लॅश मारत होतो, रोल वाचवाले," ते हळूच म्हणाले. "पन नवरीवर नाही. आता लॅबवर ढकलून द्या. आमी तेच करत होतो."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? आधी पाहुण्यांचे मोबाइल धुंडाळले. तो क्षण सात-आठ जणांकडे होता. सगळ्यांत मधोमध माझी पाठ, घामानं चिकटलेल्या कुर्त्यासकट.

मग वैष्णवीला सांगितलं. मामा आधी हसले, मग अख्खी पंगत. गोपाळभाऊंनी दुसरा रोल स्वतः भरून दिला. मी गुन्हेगारासारखा कॅमेरा डोळ्याला लावला.

पुण्यात तो रोल धुऊन आला. चाळीस वर्षांच्या हौसेत इतका चांगला फोटो मला जमला नव्हता. मागे सगळे पोट धरून हसताहेत, पुढे वैष्णवी सरळ माझ्याकडे बघतेय. ती हसत नाहीये. फिल्मची मोहिनी अजून कायम आहे, फक्त आता ती इतरांना विकायची हिंमत होत नाही.

फोटो तिला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"मस्त आला काका. पन हा मी मांगितला नव्हता."